मन लागत नाही, तेव्हा



घरभेटींना जातो तेव्हा एक वाक्य आमच्या कानी वारंवार पडते. “फादर, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, पण मनच लागत नाही.” बोलणारी व्यक्ती बहुधा पन्नाशी-साठीतली असते. रक्तात साखर निघालेली असते, मुले मुंबईला किंवा आखातात असतात. कधी घरातले एक माणूस नुकतेच देवाघरी गेलेले असते. हे वाक्य आळसातून येते असे आम्हाला वाटत नाही. त्यामागे एक समजूत आहे आणि ती आपणा सर्वांच्या मनात घट्ट बसलेली आहे. आधी मनाला उभारी यायची, मग शरीर हलायचे, असा क्रम आपण गृहीत धरतो. मन मालक आणि शरीर गडी. मालकाचा हुकूम आला नाही, तर गडी ओटीवर बसून राहणार.

हा क्रम खरा आहे का, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. प्रश्न तसा व्यायामाचा दिसतो. पण माणूस आपल्या मनःस्थितीला कितपत जबाबदार आहे, हा नीतिशास्त्रातला जुना वाद त्यात दडलेला आहे. आणि त्याचे उत्तर चुकीचे दिले तर इजा होते. ‘सकारात्मक विचार करा’ असे संदेश हल्ली सकाळी उठल्याबरोबर मोबाईलवर येऊन पडतात. ज्याचे मन आधीच खचले आहे, त्याला त्यातून एवढेच ऐकू येते, की तुझे दुःख ही तुझीच चूक आहे. विचार हुकमाने बदलत नाहीत. ज्याला रात्रभर झोप लागलेली नाही, त्याने पहाटे आनंदी विचार करायचा म्हणजे नेमके काय करायचे? पाय मात्र हुकमाने हलू शकतात. निदान दारापर्यंत तरी.

याचे एक उदाहरण आपल्याच गावचे आहे. टिळक आळीतले जन्मस्थान आपण सर्वांनी पाहिले आहे. शाळेच्या सहलीत तरी नक्कीच. बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. ते दहा वर्षांचे असताना कुटुंब पुण्याला गेले. सोळाव्या वर्षी वडीलही गेले. त्यानंतर डेक्कन कॉलेजात आलेला हा मुलगा बुद्धीने तल्लख, पण शरीराने अगदी किरकोळ होता. चरित्रकार सांगतात, की त्याने कॉलेजचे पहिले वर्ष जवळजवळ पूर्णपणे शरीर कमावण्यात घालवले. तालीम, कुस्ती, पोहणे आणि पोटभर सकस आहार. पुस्तके बाजूला पडली आणि त्या वर्षीची परीक्षा हातची गेली.

आजच्या पालकांना हे ऐकून घाम फुटेल! आम्हीही कोणाला नापास व्हा असे सांगणार नाही. पण त्या वर्षात काय घडले असेल ते पाहण्यासारखे आहे. दंडाचे स्नायू वाढले हे उघड आहे. पण सतरा वर्षांच्या मुलाने रोज पहाटे आखाड्यात उतरायचे, म्हणजे त्याने वर्षातून तीनशेहून अधिक वेळा स्वतःला दिलेला शब्द पाळायचा. त्यांतल्या कितीतरी पहाटे अंथरूण सोडवत नसणार. वडील गेल्याचे दुःख होतेच. रोज उठताना मन प्रसन्न असेल, हे शक्यच नाही. तरी तो गेला. शरीर कमावता कमावता त्याला आणखी एक गोष्ट कळली असावी, की मन नको म्हणत असतानाही माणूस जाऊ शकतो आणि तिथे पोहोचल्यावर मन बऱ्याचदा मागून येते.

पुढची गोष्ट आपणास ठाऊक आहे. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या न्यायालयाने राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेले. वय बावन्न, त्यात मधुमेह. तेथे त्यांनी दिवसाला आकार दिला. ठरल्या वेळी उठणे, बेताचे खाणे, वाचन, लेखन. त्या वयात जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यास. १९१०-११ च्या हिवाळ्यात, सुमारे पाच महिन्यांत, त्यांनी ‘गीतारहस्य’ शिसपेन्सिलीने लिहून काढले. १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या आणि ती बातमी त्यांना तुरुंगात कळली. १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते आणि दोनच वर्षांत होमरूलच्या चळवळीत उतरले.

तालमीमुळे ‘गीतारहस्य’ लिहिले गेले, असे आम्ही म्हणणार नाही. तो बाळबोधपणा होईल. त्यांची विद्वत्ता होती, श्रद्धा होती, बाहेर लाखो माणसे वाट पाहत होती. पण मन उदास असतानाही दिवस ठरल्याप्रमाणे चालवायचा, ही कला त्यांना मंडालेत नव्याने शिकावी लागली नाही.

येथे एक विचित्र योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपला टिळक मंडालेत होता, तेव्हा मंडालेचा राजा आपल्या रत्नागिरीत होता. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला पदच्युत केले, १८८६ मध्ये त्याला येथे आणले. तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. तीस वर्षे तो येथेच राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात येथेच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली तयार झाला. म्हणजे ज्या वर्षी टिळकांनी मंडालेत पेन्सिल हातात घेतली, त्याच वर्षी. या दोघांची तुलना करून राजाला कमी लेखणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. टिळकांच्या शिक्षेला शेवटची तारीख होती. राजाच्या शिक्षेला नव्हती. ज्याला बारीकसारीक गोष्टींसाठीही सरकारी परवानगी घ्यावी लागते, ज्याच्याकडून कोणालाही कसलीच अपेक्षा उरलेली नाही, त्याचा दिवस हळूहळू कसा विरघळत जात असेल याची कल्पना करून पाहावी. निवृत्तीनंतर आपल्यातील काहींचे असेच होते. बँकेतून, शाळेतून, हॉस्पिटलातून माणूस बाहेर पडतो आणि सहा महिन्यांत सोमवार कोणता नि गुरुवार कोणता हे त्याला कळेनासे होते. अशा वेळी रोज सकाळी साडेसहाला भाट्याच्या पुळणीवर जाणे म्हणजे कॅलरी जाळण्याचा उद्योग नव्हे. त्याने दिवसाला पुन्हा एक सकाळ मिळते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही अ‍ॅरिस्टॉटल वाचला. सद्गुण उपदेश ऐकून येत नाही, असे तो सांगतो. वाद्य वाजवून वाजवूनच माणूस वादक होतो, तसा धैर्याची कृत्ये करून करूनच तो धैर्यवान होतो. म्हणजे कृती आधी आणि स्वभाव नंतर. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेला. त्यांच्या मते सवय म्हणजे यंत्रासारखी पुनरावृत्ती नव्हे. सवय म्हणजे माणसाच्या ठायी मुरलेली तयारी. तिच्यामुळे चांगली गोष्ट करणे सोपे होते, आणि पुढे तर आनंदाचे होते. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. पहिल्या आठवड्यात चालणे शिक्षेसारखे वाटते. चौथ्या महिन्यात एक दिवस चुकला तर चुकल्या-चुकल्यासारखे होते. चालणे तेच, रस्ता तोच. चालणारा बदललेला असतो.

याच अक्वायनस यांनी दुःखावर काय उपाय आहेत, याचीही चर्चा केली आहे. एवढा मोठा ईशज्ञानी, तेराव्या शतकातला. तेव्हा आपल्याला वाटते, की तो प्रार्थना आणि चिंतन सांगेल. सत्याचे चिंतन त्याने सांगितलेच आहे; पण त्यासोबत रडून मोकळे होणे, मित्रांची सोबत आणि सगळ्यात शेवटी झोप नि आंघोळ! वर्गात हे प्रथम वाचले तेव्हा बाकावर हसू पसरले होते. पण त्यामागचा युक्तिवाद गंभीर आहे. दुःख शरीराच्या सहज चलनवलनाला अडवते. म्हणून शरीराला त्याच्या नैसर्गिक स्थितीत परत आणणारी प्रत्येक गोष्ट दुःखाच्या विरुद्ध काम करते. आत्मा शरीरात भाडेकरूसारखा राहत नाही. दोन्ही मिळून एकच माणूस होतो. पवित्र शास्त्रातल्या एलिया संदेष्ट्याची कथाही अशीच आहे. रानात झुडपाखाली बसून तो मरण मागत होता. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा खाऊ घातले आणि मग चालायला लावले. देवाशी बोलणे झाले ते त्या लांबलचक चालण्यानंतर. आपण खचलेल्या माणसाकडे जातो तेव्हा क्रम बहुधा उलटा धरतो; आधी उपदेश, आणि भाकर राहूनच जाते.

आता सवय लावायची कशी, याबद्दल थोडे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी शहाण्णव स्वयंसेवकांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने रोजची एक छोटी कृती निवडली. कोणी जेवताना फळ खाणे, कोणी धावणे. ती कृती विचार न करता आपोआप घडू लागेपर्यंत सरासरी छासष्ट दिवस लागले. मात्र माणसामाणसांत फरक प्रचंड होता. कोणाला अठरा दिवस, तर कोणासाठी अडीचशेहून अधिक दिवसांचा अंदाज निघाला. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असे जे सांगतात, त्यांच्या भरवशावर राहू नये. बाविसाव्या दिवशी माणूस स्वतःलाच नालायक ठरवतो. याच अभ्यासात आणखी एक दिलासा देणारी गोष्ट दिसली. मध्ये एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे चुकलेल्या दिवसाचा शोक करीत बसण्याचे कारण नाही; दुसऱ्या दिवशी जायचे, इतकेच.

त्या स्वयंसेवकांनी आपली कृती दिवसातल्या एका ठराविक प्रसंगाला बांधली होती. आपल्याकडे हे सोपे आहे. सकाळचा चहा झाला, की चपला पायात. मिस्सा संपली, की घरी जाताना रिक्षा न करता चालत. दहा मिनिटे पुरेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे आणि त्याने नैराश्याची व चिंतेची लक्षणे कमी होतात, हेही नमूद केले आहे. पण त्यापेक्षा कमीही काहीच नसण्यापेक्षा बरे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. आमचे निरीक्षण असे, की जे पहिल्याच दिवशी नवे बूट घेऊन भगवती किल्ला चढतात, ते दुसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत. घरामागची पाखाडी उतरून-चढून येणारे टिकतात.

आता एक आक्षेप, आणि तो खरा आहे. मिरकरवाड्याला पहाटे मासळीची पाटी डोक्यावर घेणाऱ्या बाईला, मे महिन्यात आंब्याच्या पेट्या वाहणाऱ्या गड्याला आम्ही व्यायामाचे महत्त्व सांगायचे? त्यांचे शरीर दिवसभर हलतच असते. म्हणून मन प्रसन्न असते का? नेहमीच नाही. श्रम आणि व्यायाम यांत घामाचा फरक नाही. फरक आहे तो मर्जीचा. पाटीचे वजन दुसऱ्याने ठरवलेले असते, वेळ बाजाराने ठरवलेली असते. व्यायामात माणूस दिवसातला थोडासा वेळ स्वतःच्या इच्छेने चालवतो आणि मनाला जी उभारी येते तिचा मोठा वाटा त्या स्वातंत्र्यातून येतो, असे आम्हाला वाटते. तेव्हा श्रमाने थकलेल्यासाठी हा स्वतःचा वेळ म्हणजे कदाचित अर्धा तास शांत बसणे असेल, पाठ मोकळी करणे असेल. तिला आणखी चालायला सांगणे ही क्रूरता ठरेल.

आणि घरातल्या बाईचे काय? एखादे गृहस्थ रोज संध्याकाळी मांडवीला फेरी मारून ताजेतवाने होऊन येतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्या पाऊण तासात घरी कुकर कोणी लावला, आजारी आईला औषध कोणी दिले, नातवंडाचा गृहपाठ कोणी घेतला? एकाची चांगली सवय पुष्कळदा दुसऱ्याच्या वेळावर उभी असते. म्हणून व्यायाम हा प्रश्न फक्त स्वतःच्या शिस्तीचा राहत नाही, तो घरातल्या न्यायाचाही होतो. आम्ही पुरुषमंडळींना सुचवू, की आठवड्यातले तीन दिवस तुम्ही घरी थांबा आणि तिला मांडवीला जाऊ द्या. ती सुरुवातीला ‘मला नाही सवय’ म्हणेल. सवय नाही, कारण वेळच कधी मिळालेला नाही.

चालणे दुसऱ्यासाठीही असू शकते. महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याच जिल्ह्याचे. १८५८ चा जन्म, दापोलीजवळच्या मुरुडला बालपण गेले. १८७५ साली एका परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून चालत साताऱ्याला गेले. वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. पुढे हिंगण्याला विधवांसाठी आश्रम उभा राहिला, तेव्हा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे आणि काम आटोपले, की कित्येक मैल चालत आश्रमात जायचे, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. त्याला त्यांनी व्यायाम म्हटले असेल असे वाटत नाही. त्यांना समाजाने वाळीत टाकले होते, टीका सतत होती. ती वाट ते रोज चालत राहिले. १९६२ मध्ये, १०४ व्या वर्षी ते वारले.

पण दीर्घायुष्याची हमी म्हणून व्यायाम करू नये. ७ सप्टेंबर २०२५ रोजी ख्रिस्तसभेने ज्यांना संत घोषित केले, ते इटलीतले पिएर जॉर्जिओ फ्रासाती पट्टीचे गिर्यारोहक होते. अतिशय आनंदी तरुण. पर्वत चढणारे तेच पाय तुरिन शहरातल्या गरिबांच्या घरांचे जिनेही चढत. १९२५ मध्ये, चोविसाव्या वर्षी, पोलिओने काही दिवसांतच त्यांचा अंत झाला. संत पौल खेळाडूंची उदाहरणे आवडीने देतो. तरी शारीरिक साधनेचा लाभ मर्यादित आहे, हेही तिमथीला लिहिलेल्या पत्रात बजावले आहे. आरशासमोर दंड न्याहाळत बसणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनी ते पत्र एकदा वाचावे.

ज्यांचे शरीरच साथ देत नाही, त्यांनी काय करावे? सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते गंभीर जखमी झाले आणि त्यांना अपंगत्व आले. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगितले. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताचे पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकले. पदकाचा भाग आपण सोडून देऊ. तो प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही आणि अंथरुणावरच्या माणसाला असली उदाहरणे कधीकधी टोचतात. आम्हाला त्यातला पहिला दिवस महत्त्वाचा वाटतो, जेव्हा पदक कोणाच्याही डोक्यात नव्हते आणि फक्त पाण्यात उतरायचे होते. आमच्या घरभेटींत अशा आजी आहेत, ज्या खाटेवर बसून हाताची बोटे दहा वेळा मिटतात, दहा वेळा उघडतात. रोज, रोझरीच्या आधी. त्यांना कोणी पदक देणार नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिणे आमचे कर्तव्य आहे. नैराश्य हा आजारही असतो. दोन-दोन आठवडे काहीच नकोसे वाटणे, झोप व भूक जाणे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे, ही लक्षणे असतील तर ‘जरा चालून या, बरे वाटेल’ एवढे सांगून घरच्यांनी मोकळे होऊ नये. तसे सांगणे म्हणजे मोडलेल्या पायाला शिस्त शिकवणे होय. आपल्या शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय कित्येक वर्षांपासून आहे आणि त्याच्या नावाने थट्टा करण्याची सवयही आपल्या गावाला तितकीच जुनी आहे. ती सवय सोडली तर पुष्कळ जण वेळेवर डॉक्टरांकडे जातील. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीत बोलता येते. औषध चालू असताना चालायला जावे का, किती जावे, हे डॉक्टरांना विचारावे. बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. आणि अशा माणसाला ‘जा’ न म्हणता ‘चल, मी येतो’ म्हणावे. त्याला एकट्याने दार ओलांडणे जड जाते.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे चालायला रस्ता उरत नाही, ही तक्रार दरवर्षी येते आणि ती खोटी नाही. कोकणातला पाऊस छत्रीला जुमानत नाही. ज्यांच्या घराला लांब पडवी आहे, त्यांनी तेथे फेऱ्या माराव्यात. ज्यांना तेवढी जागा नाही, त्यांच्यासाठी चर्चचा व्हरांडा सकाळच्या मिस्सेनंतर मोकळा असतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन यावे, बोलावे, नाहीतर गप्प राहावे. कोणी हटकणार नाही. ओल्या छत्र्या तेवढ्या बाहेर खांबाशी ठेवाव्यात. लादी निसरडी होते.